हरूहरू

डोंग्यात बसणाऱ्याचं वजन कमी असावं लागतं.

बालहक्क कराराच्या बत्तिसाव्या कलमाशी भारतानं एक टीप जोडलेली आहे.

नागपुरात चौथ्या मजल्यावर एक बाळ आहे आणि ते फार रडतं.

शहापूरच्या थांब्यावर लांबच्या बसगाड्या आपणहून थांबत नाहीत. हात दाखवावा लागतो.

हायस्कूलच्या रस्त्यावर वाघ आहे.

झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो.

*

“वेर संपला,” नीतू म्हणाली आणि तिनं थाळीवर चमचा आपटला.

तिच्या थोरल्या बहिणीचं, ज्योत्सनाचं, वाक्य अर्ध्यावर तुटलं. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उलटा टाकलेला होडीसारखा डोंगा, त्यावर मांडी घालून बसलेली नीतू, आणि समोर कागद हातात धरून उभी ज्योत्सना. बाजूला ओल्या शिंगाड्यांचा ढीग होता आणि बाभळीला शेळी बांधलेली होती. शेळीला नीतूनं फ्रान्स नेमलं होतं.

“वेर नाही, वेळ,” ज्योत्सना म्हणाली. “आणि अध्यक्ष थाळी वाजवत नसतात.”

“मंग काय वाजवते?”

“लाकडी हातोडा असतो त्यांच्याजवळ.”

“बाबाचा हाये ना घरी. आनू?”

ज्योत्सनाला हसू आलं आणि रागही आला. अलीकडे तिला दोन्ही एकदमच यायचं. ती साकोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय राज्यशास्त्र. शनिवारी भंडाऱ्याजवळ शहापूरला एका कॉलेजात अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा भरणार होती. प्रत्येक कॉलेजनं एक देश व्हायचं, त्या देशाच्या तोंडानं बोलायचं. कोणता देश कोणाला, याच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा साकोलीच्या वाट्याला भारत आला. कापगते सर खूश झाले. ज्योत्सनाही झाली होती, पहिले दोन-चार दिवस.

मग सरांनी तिला बालहक्क कराराची झेरॉक्स दिली. ती तिनं एका बैठकीत, जेवण विसरून वाचली. मुलाला नाव असावं, शाळा असावी, खेळ असावा, त्याच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर त्याला आधी विचारावं, असं जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी सह्या करून मान्य केलेलं होतं. हे आपल्याला आजपर्यंत कोणी का सांगितलं नाही, म्हणून ती चिडली. पुढची पानं वाचल्यावर आणखी चिडली. पुढच्या पानांवर टिपा होत्या. अमुक देशाला हे कलम मान्य आहे, परंतु. तमुक देशाला तेही मान्य आहे, परंतु. लग्नाच्या मांडवात येतो म्हणायला सारा गाव पुढे असतो आणि भांडी घासायची वेळ आली की मांडव रिकामा, तसं तिला वाटलं. भारताचीही टीप होती. मुलांना कामाला लावू नये, हे बत्तिसावं कलम भारताला मान्य, पण सगळ्याच कामांना वयाची अट आज घालणं व्यवहार्य नाही, ते टप्प्याटप्प्यानं करू.

“हा शब्द तुझा हुकमी पत्ता,” कापगते सर म्हणाले होते. “कोणी अडवलं की अलगद टाकायचा. टप्प्याटप्प्यानं. मुत्सद्देगिरी म्हणजे दुसरं काय असतं?”

तो शब्द ती रोज आंघोळीच्या वेळी घोकत होती. जिभेला तो जडच जात होता.

डोंग्यावर नीतूनं हात वर केला. उजव्या अंगठ्याला हळदीची चिंधी बांधलेली होती. शिंगाड्याचा काटा खोल गेला होता आणि मोडून आत राहिला होता.

“अध्यक्षांले एक विचाराचं हाये.”

“अध्यक्षांना विचारता येत नाही. सदस्य विचारतात.”

नीतूनं क्षणभर विचार केला. डोंग्यावरून उतरली, बाभळीपाशी गेली आणि शेळीच्या शेजारी उभी राहून तिनं पुन्हा हात वर केला.

“आता मी फ्रान्स. त्या वाघाचं—”

“विषयाला धरून बोला,” ज्योत्सना म्हणाली आणि तिनं दुसरं पान काढलं.

*

वाघाचं असं होतं. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला पलीकडच्या गावच्या हायस्कुलात जायचं, रस्ता जंगलाच्या कडेनं. उन्हाळ्यात कोणाला तरी त्या रस्त्यावर वाघ दिसला. शाळा सुरू झाली तसे आईबाप धास्तावले आणि पोरींच्या सायकली एकेक करून घरात उभ्या राहिल्या. पोरं जात राहिली, घोळक्यानं, आरडाओरडा करत. वाघ काय तो पोरींनाच होता.

नीतूची सायकल माजघरात भिंतीला टेकवलेली होती. तिच्या दांडीवर आता जाळी वाळत घालत. आणि नीतू तलावात उतरायला लागली. शिंगाड्याच्या वेलीत डोंगा घालायचा तर माणूस हलका हवा, वेल दबता कामा नये, आणि वलथऱ्यांच्या घरात सगळ्यांत हलकी तीच होती. धुरपता, तिची आई, एकेकाळी तेवढीच हलकी होती. डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन ती बापामागून गावोगाव फिरली, ती नीतूपेक्षा लहान असताना. म्हणून तिला यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि चांगलंही दिसत नव्हतं. जे आहे ते आहे, असं तिचं होतं.

बुधवारी पार्वताआत्या आली.

*

ती बैठक ज्योत्सनाच्या डोक्यात सभेच्या कामकाजासारखीच राहिली. त्याला इलाज नव्हता. त्या दिवसांत तिला विहिरीवरचं भांडणसुद्धा कामकाजासारखं ऐकू यायचं.

ठराव पार्वताआत्यानं मांडला. आत्या म्हणजे बाबाची, बाबुलालची, थोरली बहीण, नागपुरात चार घरी स्वयंपाकाला जाते. त्यांतल्या एका घरी बाळ आहे, बाई नोकरीवर परत रुजू व्हायची आहे, बाळाजवळ घरचंच वाटेल असं कोणी हवं. चौथा मजला, लिफ्ट आहे, पंखा रात्रंदिवस सुरू. नीतूला घेऊन जाते.

यजमान देशानं, म्हणजे बाबुलालनं, जाळ्याचं फाटकं टोक मांडीवर ओढून घेतलं आणि सुईत दोरा घालू लागला. तुम्ही बाया पाहा, असं त्याचं मत पडलं. तटस्थ.

ज्योत्सना उभी राहिली. तिनं बत्तिसावं कलम सांगितलं. मग ते आत्याला लागू पडेना म्हणून आपल्याच देशाचा कायदा सांगितला, की चौदाच्या आतलं पोर दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवणं गुन्हा आहे, ठेवणाऱ्यालाही आणि…

“कामाले कोन ठेवते वो?” आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती. चहाची बशी तिनं आरामात खाली ठेवली. “लेकरासंग खेरन, खाईन, राहीन. त्याले काम म्हंतेत का? मंग तू लहान होती तवा नीतूले कडेवर घेऊन फिरत होती, तवा तुह्या बापाले धरून न्यायले पायजे होतं पोलिसानं.”

बाबुलालसुद्धा हसला.

“आणि शाळा?”

“टाकू ना शारेत. तिकडं काय शारा नाही का? गल्लीगल्लीत हाये. आधी रुरू दे तिले. हरूहरू टाकू.”

“हरूहरू म्हणजे कधी?”

“हरूहरू म्हंजे हरूहरू. एवढी शिकली अन् हरूहरू नाही समजत तुले?”

मग धुरपता बोलली. ती बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. “इथं तरी कोनत्या शारेत जाऊन राहिली ते? रस्त्यानं वाघ. तलावात काटे. तिथं पायाले चिखल तरी नाही लागनार.” एवढं बोलून ती उठली आणि आत्याची बशी उचलून घेऊन गेली.

यावर ज्योत्सनाजवळ कलम नव्हतं. अठ्ठाविसाव्यात शिक्षण होतं, एकतिसाव्यात खेळ होता, चिखल कुठेच नव्हता. जिनेव्हात बसून ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्या आयांनी कधी म्हटलं नसेल का, की निदान पायाला चिखल लागणार नाही? म्हटलं असेल, तर त्यांनी ते कोणत्या कलमात घातलं?

ठरावात जिचं नाव होतं ती चुलीपाशी शिंगाडे उकडत होती. मीठ किती टाकू, असं ती दारात येऊन दोनदा विचारून गेली. दोन्ही वेळा तिला उत्तर मिळालं.

शेवटी आत्या रविवारी पुन्हा येईल, तेव्हा पाहू, असं ठरलं. सभा तहकूब. ज्योत्सनाला ती जीत वाटली. तहकुबी हेही एक शस्त्र आहे, असं सरांनीच शिकवलं होतं. रात्री अंथरुणावर तिनं नीतूला सांगितलं, की शनिवारचं माझं एकदाचं होऊ दे, रविवारी मी घरीच आहे, मग बघते एकेकाला. नीतू बरं म्हणाली. तुला जायचंय का, हे ज्योत्सनानं विचारलं नाही. विचारायचं राहिलं असं नाही. तिला ते ठाऊकच होतं.

*

शहापूरच्या हॉलमध्ये प्रत्येक देशापुढे कागदी झेंडा आणि पाण्याची बाटली होती. फ्रान्स कोट घालून आला होता. ज्योत्सनाला त्याच्याकडे पाहून बाभूळ आठवत होती.

तिची सुरुवात बरी झाली. करार सांगितला, सह्या सांगितल्या. मग ती टिपांवर आली. इंग्रजीतल्या रिझर्वेशनला मराठीत काय म्हणायचं, यावर तिचा आणि सरांचा आठवडाभर खल झाला होता आणि शेवटी सरळ शब्दकोशातला शब्द घेतला होता. “अनेक देशांनी,” ती म्हणाली, “या करारावर आरक्षणासह सही केली.”

हॉलमध्ये कुठेतरी खसखस पिकली. फ्रान्सनं हात वर केला, अध्यक्षांची परवानगी घेतली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, की माननीय प्रतिनिधींना तिकडेही आरक्षण लागतं का.

हशा वाढला. अध्यक्षांनी हातोडा आपटला, तोही हसत. ज्योत्सनानं कागद दोन्ही हातांनी धरला. ती कोणत्या जातीची, कोणत्या प्रवर्गातून फी माफ आहे, हे त्या कोटाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला माहीत असण्याची गरजही नव्हती. कागदावरच्या ओळी तिला एकमेकींवर चढलेल्या दिसू लागल्या.

त्याच वेळी परीक्षकांतल्या बाई बोलल्या. नागपूरहून आलेल्या, पांढऱ्या केसांच्या, मघापासून एकट्या त्याच हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, की भारतानं सही केली त्याला तीस वर्षांवर होऊन गेली. मुलांना कामातून सोडवणार, असं तुम्ही म्हणता. कसं सोडवणार?

हुकमी पत्ता टाकायची हीच जागा. ज्योत्सनानं तोंड उघडलं.

“हरूहरू,” ती म्हणाली.

आपण काय बोललो हे तिला इतरांच्या तोंडाकडे पाहून कळलं. मागच्या बाकांवरून कोणीतरी तो शब्द पुन्हा म्हणालं, मग दुसऱ्यानं, आणि सगळा हॉल फुटला. भंडाऱ्याची पोरंच जास्त हसत होती. ज्यांच्या घरी आजही आजी शारा म्हणते, ती जास्त.

परीक्षक बाई आता हसल्या. “किती गोड शब्द आहे,” त्या शेजारच्यांना म्हणाल्या आणि त्यांनी तो लिहून घेतला. “अगदी मातीतला.”

गोड नाही, असं ज्योत्सनाला म्हणायचं होतं. बाई, तो गोड नाही. आमच्याकडे एखादी गोष्ट करायची नसली की तो शब्द वापरतात, आणि ज्याच्यासाठी वापरतात त्याच्यासमोर वापरतात, आणि तोही मान हलवतो. तुमचा टप्प्याटप्प्यानं तोच आहे, फक्त त्यानं इस्त्री केलेले कपडे घातलेत. हे सगळं तिच्या जिभेवर एका रांगेत उभं राहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं नीट. तिनं हात वर केला.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. वेळ संपली होती.

तिला ट्रॉफी मिळाली. पहिली दोन बक्षिसं कोट घातलेल्यांना गेली. तिची विशेष होती, परिणामकारक मांडणीसाठी. बक्षीस देताना बाईंनी माईकवरून तो शब्द म्हणून दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कापगते सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं, की अगं काय डोकं लावलंस, ऐनवेळी बोली काढलीस, मलाही सुचलं नसतं. त्यांना सासुरवाडीला भंडाऱ्यात थांबायचं होतं. ती एकटीच थांब्यावर आली.

*

हायवेचे दोन्ही बाजूंचे रस्ते ट्रकनी भरून वाहत होते. मध्ये दुभाजक, त्यावर लोखंडी कठडा. ती साकोलीकडे जाणाऱ्या बाजूला उभी होती. पलीकडे, नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला, एका म्हाताऱ्यानं हात दाखवला आणि साकोलीहून आलेली बस थांबली.

बसच्या मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वर झाला. अंगठ्याला पिवळी चिंधी होती.

ज्योत्सनानं हाक मारली. मध्ये कंटेनर आला. तो गेला तोवर म्हातारा चढला होता, बस हलली होती. ती कठड्यापर्यंत धावली; कठडा तिच्या छातीएवढा होता.

आत्यानं फोन लगेच उचलला. ती काही लपवत नव्हती. त्या लोकांचा फोन आला सकाळी, बाईला सोमवारीच रुजू व्हायचं आहे, पोरगी आधी रुळायला हवी. मग म्हटलं कशाला उद्याची वाट पाहा. आणि तू घरी नव्हतीस तेच बरं झालं, उगाच रडारड झाली असती. पोरगी तर शहाणी आहे, हूं का चूं केलं नाही.

“तिले उतरव आत्या. पुढच्या थांब्यावर उतरव. मी येतो.”

“तिकीट काढलं ना पोरी.”

“मी देतो तिकिटाचे. उतरव तिले.”

“अन् मी त्या बाईले तोंड काय दाखवू?” आत्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “माह्या चार घरांतलं तेच एक धड घर हाये वो.”

ज्योत्सनानं नीतूला फोन द्यायला सांगितलं. गाडीचा घरघराट, कोणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, मग नीतू.

“ताई, म्या हात दाखवला. तू पायलं?”

“पायलं.”

“नंबर आला का?”

“ट्रॉफी भेटली.”

“कायची?”

ट्रॉफी तिच्या काखेत होती. प्लास्टिकची, सोनेरी, दोन कानांची. ज्योत्सनानं तिच्याकडे पाहिलं.

“बोलल्याची,” ती म्हणाली.

“मस्त.” मग नीतू थोडं थांबली. काहीतरी विचारणार आहे असं ज्योत्सनाला वाटलं आणि या वेळी ती मध्ये बोलली नाही. एक कान हातानं झाकून, दुसरा फोनला दाबून ती उभी राहिली.

“फ्रान्सले पाला टाकजो सांजच्याले,” नीतू म्हणाली. “मायच्या ध्यानात नाही राहत.”

नंतर नुसती घरघर, आणि तीही तुटली.

साकोलीची बस आली तेव्हा ज्योत्सनाच्या एका हातात ट्रॉफी होती आणि दुसऱ्यात फोन. ती बसकडेच पाहत होती. बस थोडी हळू झाली, ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं हात दाखवला नाही म्हणून निघून गेली.

*

हायस्कूलच्या रस्त्यावर दिसलं होतं ते तरस होतं. वनरक्षकानं दसऱ्याआधीच, आत्या यायच्या महिनाभर आधी, पंचायतीच्या ओट्यावर गाव जमवून, ठशांचे फोटो दाखवून तसं सांगितलं होतं. वलथऱ्यांच्या घरचे सगळे तिथं होते. नीतू सगळ्यांत पुढे बसली होती.